मुलगी भारतीय, मग पत्नीचा अर्ज का नाकारला?

प्रश्न : माझी पत्नी केनियाची. ती पुण्यात शिकायला आली होती. २०१६ मध्ये स्टुडंट व्हिसा संपल्यावर मुदतवाढ घ्यायची तीन महिने राहून गेली, नंतर दंड भरून ती मिळाली. पुढे आमचं नोंदणी लग्न झालं, २०१९ मध्ये मुलगी झाली. तिने भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज केला, त्याच्या आधीच्या वर्षात ती आईच्या आजारपणासाठी ५२ दिवस नैरोबीला होती. नकारपत्रात फक्त ‘अटींची पूर्तता होत नाही’ असं लिहिलंय. कोर्टात जावं का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : एवढ्यात नको. लग्न झालं की नागरिकत्व मिळतंच, असं आपल्याकडे सर्रास धरून चालतात. प्रत्यक्षात लग्नामुळे फक्त अर्जाचा हक्क मिळतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ नुसार अर्जाआधीचे १२ महिने सलग भारतात राहावं लागतं, आणि त्यामागच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षं. सलग १२ महिन्यांत विशेष कारणासाठी सूट मिळते, पण जास्तीत जास्त ३० दिवसांची. तुमचे ५२ दिवस त्यात बसत नाहीत. माझ्या मते अर्ज अडला तो इथेच. यावर भांडण्यात अर्थ नाही. १२ महिने देश न सोडता काढा आणि नव्याने अर्ज करा.

मला जास्त काळजी वाटते ती २०१६ च्या तीन महिन्यांची. व्हिसाची मुदत उलटून राहिलेली व्यक्ती कायद्याच्या व्याख्येत ‘अवैध स्थलांतरित’ ठरते, आणि अशा व्यक्तीला कलम ५ खाली नोंदणीने नागरिकत्व मिळत नाही. दंड भरून मुदतवाढ मिळाल्याचा आदेश हा तुमचा मुख्य बचाव; तो शोधून फाइलला लावा. ही गोष्ट दडवायचा मोह मात्र टाळा. महत्त्वाची माहिती लपवून मिळालेलं नागरिकत्व पुढे काढून घेता येतं, शिवाय खोट्या माहितीसाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मुलीचंही यात अडकलेलं आहे. ३ डिसेंबर २००४ नंतर इथे जन्मलेलं मूल नागरिक ठरायला एक पालक भारतीय असून भागत नाही, दुसरा जन्माच्या वेळी अवैध स्थलांतरित नसावा लागतो. २०१९ मध्ये पत्नीकडे वैध व्हिसा होता ना? त्याची प्रत जपून ठेवा.

नकाराची कारणं देण्याचं बंधन कलम १४ सरकारवर घालत नाही, त्यामुळे एका ओळीचं पत्र बेकायदा नाही. आदेश केंद्र सरकारचा असेल तर त्याच्याकडेच पुनर्विलोकनाचा (फेरविचाराचा) अर्ज, खालच्या अधिकाऱ्याचा असेल तर केंद्राकडे पुनरीक्षणाचा (तो आदेश तपासण्याचा) अर्ज. दोन्हींना मुदत ३० दिवसांची. आधी पत्रावरची तारीख बघा. रिट याचिका, म्हणजे सरकारी आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागणं, ही त्यानंतरची गोष्ट, आणि तीही मुंबईतच. कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे पुणे जिल्हा नाही. शिवाय न्यायालय नागरिकत्व देत नाही, फार तर फेरविचार करायला सांगतं.

दरम्यान ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येईल. त्यासाठी लग्न नोंदवलेलं आणि किमान दोन वर्षं टिकलेलं हवं. त्यावर मतदान नाही, मुळशीत शेतजमीनही घेता येत नाही. पण दर वेळी व्हिसा वाढवण्याची धावपळ संपते.

आणि भारताकडून मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत केनियाचं नागरिकत्व सोडू नका.