प्रोजेक्टरवर चित्र मधेच कापलं जातं, काय करू?

प्रश्न : नमस्कार सर, मी तासगाव तालुक्यात शिक्षक आहे. शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज फारच रखडायला लागलं म्हणून लिनक्स मिंट टाकलं, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवालं. बाकी मस्त चाललंय, पण प्रोजेक्टर जोडून व्हिडिओ लावला की चित्र मधेच आडवं कापल्यासारखं दिसतं. परवा पोरांना कुस्तीचे डाव दाखवत होतो तर ऐन धोबीपछाडीत पैलवानाची छाती एकीकडं आणि कंबर चार बोटं सरकून दुसरीकडं. लॅपटॉपवर एवढं जाणवत नाही. एकजण म्हणतो केबल बदला, दुसरा म्हणतो ग्राफिक्स गेलंय, परत विंडोज टाका. काय करावं?
– एक शिक्षक, तासगाव, जि. सांगली

उत्तर : गुरुजी, केबलवर एक रुपयाही घालवू नका आणि विंडोजकडं तर अजिबात परत जाऊ नका. केबल खराब असती तर ठिपके आले असते, नाहीतर चित्र मधूनमधून गायब झालं असतं. तुमचं जे होतंय त्याला स्क्रीन टेअरिंग म्हणतात आणि ते सेटिंगनं जातं. खात्री करायची असेल तर चित्र कापलेलं दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या, त्यात काप दिसणार नाही, कारण मशीनच्या आत चित्र अख्खंच असतं, घोळ होतो तो पडद्याकडं जाताना.

होतं असं की स्क्रीन सेकंदाला साधारण ६० वेळा वरून खाली चित्र काढते, म्हणजे एका चित्राला जेमतेम १७ मिलिसेकंद, आणि ती निम्म्यावर आलेली असतानाच आतून पुढचं चित्र आलं तर वरचा भाग जुना आणि खालचा नवा राहतो. दोन चित्रांच्या मधल्या फटीतच अदलाबदल करायची याला व्हीसिंक म्हणतात. मिंटमध्ये पडद्यावर खिडक्या दाखवायला अजून मुख्यतः एक्स नावाची यंत्रणा वापरतात, ती १९८४ सालची रचना, तिच्यात ही शिस्त मुळात नाही, ती कम्पोझिटरनं, म्हणजे सगळ्या खिडक्या जुळवून अख्खं चित्र पडद्याकडं पाठवणाऱ्या प्रोग्रॅमनं लावायची. आणि जुनं मशीन हलकं व्हावं म्हणून बरेचजण नेमका तोच बंद करून ठेवतात!

तेव्हा पहिल्यांदा सेटिंग्जमध्ये ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’ उघडा, कम्पोझिटरच्या टॅबमध्ये पहिली टिक असलीच पाहिजे. तिथंच खाली फुलस्क्रीन खिडक्या डायरेक्ट दाखवायची एक टिक असते, ती काढा. छोट्या खिडकीत व्हिडिओ बरोबर आणि मोठा केला की कापतो अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा हीच टिक नडलेली असते, कारण तिच्यामुळं फुलस्क्रीन व्हिडिओ कम्पोझिटरला वळसा घालून जातो. एवढ्यानं भागलं नाही तर ‘सेटिंग्ज एडिटर’मध्ये एक्सएफडब्ल्यूएम४ (xfwm4) खाली व्हीब्लँक मोड (vblank_mode) शोधा, ‘ऑटो’ असेल तिथं ‘जीएलएक्स’ टाका (लहान इंग्रजी अक्षरांत बरं का, glx), लॉगआउट करून परत या.

आता प्रोजेक्टरवरच जास्त का, ते बघू. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर दोन्ही चालू असले की एक्सच्या लेखी तो एकच मोठा पडदा, आणि कम्पोझिटर ताल धरतो एकाच स्क्रीनचा. दोन्ही ६० चे असले तरी एकाच क्षणी सुरू होत नाहीत, म्हणून एकावर नीट आणि दुसऱ्यावर काप. वर्गापुरता सोपा उपाय म्हणजे डिस्प्ले सेटिंगमध्ये लॅपटॉपची स्क्रीन बंद करून फक्त प्रोजेक्टर चालू ठेवायचा. मी तर आधी हेच करून बघा म्हणेन, यात बिघडण्यासारखं काही नाही.

दोन्ही स्क्रीन लागतातच म्हणत असाल तर ड्रायव्हरचा, म्हणजे ग्राफिक्स चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, टीअरफ्री पर्याय आहे, तो प्रत्येक स्क्रीनसाठी वेगळा ताल धरतो. एएमडीला चालतो, जुन्या इंटेललाही चालतो, पण त्यासाठी एक्सच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये छोटी फाईल लिहावी लागते आणि इंटेलवर जुना इंटेल ड्रायव्हर मुद्दाम निवडावा लागतो. एनव्हिडिया कार्ड असलेल्यांना हातानं फाईल लिहायची गरज नाही, त्यांच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्लेच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये फोर्स फुल कम्पोझिशन पाइपलाइनची टिक आहे, गेम थोडे हळू होतात इतकंच.

मशीन नवीन असेल तर मात्र या खटपटीत पडूच नये, सरळ वेलँडवर, म्हणजे एक्सच्या जागी आलेल्या नव्या यंत्रणेवर जावं, त्यात अर्धवट चित्र पडद्यावर न जाऊ देणं हे पहिल्यापासूनच ठरलेलं आहे. उबुंटू या दुसऱ्या लिनक्समध्ये २१.०४ या आवृत्तीपासून बहुतेक मशीनवर तेच आपोआप येतं.

आणि गुरुजी, टीअरफ्रीची फाईल लिहिलीतच आणि रीस्टार्टनंतर काळी स्क्रीन आली तर घाबरू नका. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा, अक्षरांची स्क्रीन येईल, तिथं लॉगिन करून ती फाईल उडवा आणि परत रीस्टार्ट करा, डेस्कटॉप पहिल्यासारखा येतो. फाईलचं नाव आधी कागदावर लिहून ठेवा, आणि हे काम शाळा सुटल्यावर करा, तास चालू असताना नको.