टाकी मोठी केल्याने दाब वाढत नाही

तुझा प्रश्न असा: डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला सर म्हणतात, व्होल्टेज म्हणजे पाण्याचा दाब आणि करंट म्हणजे पाण्याचा प्रवाह. मग उष्णता आणि यंत्रं यात कुठे बसतात, आणि ही तुलना कितपत खरी?

तुलना खरी आहे, फक्त 'दाब' या शब्दाने घोटाळा होतो. प्रवाह दाबामुळे नाही, दाबातल्या फरकामुळे होतो. कावळा एकाच तारेवर बसतो तेव्हा त्याच्या दोन्ही पायांना जवळजवळ सारखंच व्होल्टेज असतं. फरक नाही, म्हणून करंट नाही.

आमच्या परळच्या चार मजली इमारतीतली गोष्ट सांगतो. मी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. गच्चीवरची टाकी आणि माझा नळ यांत जेमतेम अडीच मीटरचा फरक. पाण्याचा 10 मीटर उंच स्तंभ दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो दाब देतो, म्हणजे माझ्या वाट्याला पाव किलो. तळमजल्याला दीड किलोच्या आसपास. सकाळी सातला पुरेसा दाब नसल्याने माझा गॅस गिझर पेटायचाच नाही. सोसायटीने काय केलं, तर 2,000 लिटरच्या जागी 5,000 लिटरची टाकी आणली! पाणी जास्त वेळ पुरलं, दाब होता तिथेच राहिला. टाकीचं आकारमान म्हणजे कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) किती मोठा, आणि पाण्याची उंची म्हणजे तो किती व्होल्टला चार्ज झालाय. दोन वेगळ्या गोष्टी.

गंमत म्हणजे रात्री अकराला तोच गिझर झटकन पेटायचा. टाकी तीच, उंची तीच. सकाळी सगळ्यांचे नळ एकदम उघडे असतात, सामाईक पाइपातून प्रवाह वाढतो आणि घर्षणात दाब खर्च होतो. लांबच्या खोलीत इस्त्री लावली की दिवा मंदावतो, तोच हा व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे तारेतच खर्च झालेलं व्होल्टेज. प्लंबरने गंजून आतून अर्धा बुजलेला जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप काढून जाड पाइप टाकला आणि प्रश्न मिटला.

पण इथेच तुलना थोडी फसते, आणि तोंडी परीक्षेत हेच विचारतात. तारेत करंट दुप्पट केला तर ड्रॉप दुप्पट. पाइपात पाणी खळाळत वाहत असेल तर प्रवाह दुप्पट केल्यावर दाबाचा तोटा जवळपास चौपट होतो. तारेचा व्यास दुप्पट केला की रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) चौथा हिस्सा राहतो. पाइपाचा व्यास दुप्पट केला की तेवढ्याच प्रवाहाला तोटा बत्तिसाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. म्हणून प्लंबर अर्ध्या इंचासाठी भांडतो ते उगाच नाही. आणि तार कापली तर वीज थांबते, पाइप कापला तर पाणी घरभर!

दाब गुणिले प्रवाह म्हणजे वॅट. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजेही वॅट. मुंबईच्या लोकलचंच बघ. 1925 साली विजेवरची पहिली गाडी व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते कुर्ला धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. 2016 पर्यंत सगळं उपनगरी जाळं 25,000 व्होल्ट एसीवर, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेवर आलं. समजा गाडीला 30 लाख वॅट हवेत. 1500 व्होल्टला 2,000 अँपिअर लागतील, 25,000 ला फक्त 120 (एसीतला पॉवर फॅक्टर नावाचा बारकावा सोडून दे). तारेतला तोटा करंटच्या वर्गाने जातो, म्हणजे तीच तार धरली तर तो पावणेतीनशे पटींनी घटला.

यंत्रात बल म्हणजे दाब, वेग म्हणजे प्रवाह, आणि गुणाकार पुन्हा वॅटच. स्प्रिंग म्हणजे कपॅसिटर. वस्तुमान म्हणजे इंडक्टर, म्हणजे करंट एकदम बदलू न देणारी तारेची गुंडाळी: मोटरमनने पॉवर बंद केली तरी लोकल पुढे जातच राहते. पाण्यालाही वस्तुमान आहे, म्हणून नळ झटकन बंद केला की पाइप धाडकन वाजतो. पंख्याच्या मोटरमध्येही अशी गुंडाळी असते; चालत्या पंख्याचं बटण बंद करताना आत ठिणगी पडते, तीही त्याच घरातली.

उष्णता मात्र या पंगतीत जरा वेगळी बसते. तापमानातला फरक म्हणजे दाब, इथवर ठीक. पण उष्णतेचा प्रवाह स्वतःच वॅटमध्ये मोजतात. त्याला तापमानाने गुणून 'पॉवर' काढलीस तर मार्क गेले. दुसरं, उष्णतेला इंडक्टर नाही. स्प्रिंगला टांगलेलं वजन मधली जागा ओलांडून पलीकडे जातं, परत येतं. कपातला चहा खोलीच्या तापमानापर्यंत निवतो आणि थांबतो. झोके घेत नाही.

कपॅसिटर मात्र उष्णतेला आहे, आणि माझ्या डोक्यावरच आहे. गच्चीच्या सहा इंची स्लॅबचा एक चौरस मीटर साधारण 360 किलोचा. दिवसभर तापलेला तेवढा तुकडा 10 अंश निवताना जवळपास 32 लाख ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचं माप) सोडतो, म्हणजे विजेच्या पाऊण युनिटापेक्षा जास्त. त्यातली बरीच माझ्या खोलीत उतरते, म्हणून ऊन गेल्यावरही रात्री अकरापर्यंत छत शेकत असतं. यावर जुना उपाय म्हणजे संध्याकाळी गच्चीवर पाणी मारणं. एक लिटर पाणी सुकताना सुमारे 24 लाख ज्यूल घेऊन जातं, म्हणजे हिशोबाने चौरस मीटरला दीड लिटरच्या आत काम व्हावं. पण मे महिन्यात आपल्या दमट हवेत पाणी लवकर सुकत नाही, आणि टाकीतलं पाणी गच्चीवर ओतताना सेक्रेटरी नेमका वर येतो.