सोमवारपासून नक्की!

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांत तरी "सोमवारपासून" आहे. कुणी सोमवारपासून अभ्यासाला बसणार, कुणाची सोमवारपासून साखर बंद. बिचाऱ्या सोमवारवर एवढा लोड आलाय की तोच एक दिवस सुट्टी मागेल. चार पत्रं निवडलीत, पहिल्या दोघांना जरा जास्त जागा दिलीय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांची, इंदूरमध्ये सुदामानगरला राहते, भंवरकुआंला कोचिंगला जाते. एमपीपीएससीचा (मध्यप्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा) हा माझा तिसरा अटेम्प्ट. दर रविवारी टाइमटेबल बनवते, स्केचपेनने, प्रत्येक विषयाला वेगळा रंग, सकाळी ५ ते रात्री ११ (फोटो सोबत पाठवलाय). सोमवार-मंगळवार मस्त जातो, बुधवारी काहीतरी होतं आणि मग पुढच्या रविवारपर्यंत मी नुसती स्वतःला शिव्या देत बसते. घरचे म्हणतात तुझ्यात जिद्दच नाही. मोटिव्हेशनल व्हिडिओ बघितले की तासभर जाम जोश येतो, नंतर परत तेच. काय करू?

उत्तर : फोटो बघितला. सुंदर आहे, खरंच. पण त्यात जेवण नाहीये गं. सुदामानगरहून भंवरकुआंला जायचा-यायचा वेळ नाही, केस धुणं नाही, आईचं "जरा दुधाकडे बघ" नाही. हा टाइमटेबल ज्या मुलीसाठी बनलाय ती तुमच्या घरात राहतच नाही. मग तो बुधवारी कोसळतो यात जिद्दीचा काय संबंध?

या रविवारी टाइमटेबल बनवूच नकोस. आठवडाभर फक्त रात्री झोपताना लिही की आज खरंच किती अभ्यास झाला, खोटं न बोलता, फोन बघितलेला वेळ वजा करून. माझा अंदाज रोजचे चार तास निघतील. चार निघाले तर पुढच्या आठवड्याचं टार्गेट साडेचार, अठरा नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि मला वाटतं खरी गडबड इथेच आहे. तू लिहिलंयस "भूगोल ३ तास". ही झाली हजेरी. खुर्चीवर तीन तास बसलं की ती लागते, डोकं सराफ्याच्या खाऊगल्लीत फिरत असलं तरी. एडविन लॉक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलं होतं आणि पुढे गॅरी लेथमबरोबर वर्षानुवर्षं तपासत राहिला, की "जमेल तेवढं कर" सांगितलेल्या माणसापेक्षा ठरावीक आणि जरा कठीण काम दिलेला माणूस जास्त काम करतो, फक्त ते काम त्याला स्वतःला मान्य हवं आणि आपण कुठवर आलो हे त्याला कळत राहायला हवं. तुझ्या तीन तासांत कुठवर आलीस ते कळतच नाही. त्यापेक्षा कोरा कागद घे, मध्यप्रदेशची बाहेरची रेघ काढ आणि नर्मदा, चंबळ, बेतवा, सोन, तापी, क्षिप्रा न बघता काढून दाखव, उगमासकट. चंबळचा उगम जानापाव, म्हणजे आपल्या महूजवळच, पिकनिकलासुद्धा जाऊन आली असशील, तरी पेन हातात घेतला की अडतं बघ. मग पुस्तक उघड आणि लाल पेनने चुका दुरुस्त कर. चाळीसेक मिनिटांचं काम आहे आणि संपल्यावर आलं की नाही आलं ते कागदावर दिसतं.

बुधवारबद्दल माझाच किस्सा सांगते. आजोबांची एक मोडीतली वही घरात पडून होती. मोडी शिकायची असं मी चार वर्षं ठरवत होते, पुस्तक आणलं, भारीतला पेन आणला, पुढे शून्य. मग एकदा वैतागून वही स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि ठरवलं, कुकर लावला की वही उघडायची, तिसरी शिट्टी झाली की बंद. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ मारून घेतात आणि मग हात फारसा न उचलता तिला अक्षरं लटकवत जातात. पहिले पंधरा दिवस माझी रेघच सरळ येईना, एकदा नादात सात शिट्ट्या झाल्या आणि आम्ही रात्री भाताची पेज प्यायलो. पण आठ महिन्यांनी वही वाचता आली. कुणाला किती तूप उसनं दिलं त्याची यादी निघाली! नवरा अजून हसतो.

पीटर गोलविट्झर म्हणून एक जर्मन मानसशास्त्रज्ञ आहे, त्याने १९९९ मध्ये यावरच लेख लिहिलाय: नुसतं "मी करेन" ठरवण्यापेक्षा "अमुक झालं की तमुक करेन" असं ठरवलेलं पार पडण्याची शक्यता बरीच जास्त असते. कारण मग मूड यायची वाट बघावी लागत नाही, शिट्टीच आठवण करून देते. तुझ्यासाठी असं होईल, की लायब्ररीत सीटवर बसले की फोन बॅगेत आणि सगळ्यात आधी एक नकाशा. आणि बुधवारसाठी वेगळं ठरवून ठेव, क्लास लांबला तर घरी जाऊन फक्त दहा प्रश्न, मग झोप. दहा प्रश्न म्हणजे फेल नाही, तो पण प्लॅनच आहे.

व्हिडिओ म्हणजे पोह्यांवरची शेव, चव येते, पोट भरत नाही. बघ, पण आधी नकाशा.

एक गोष्ट तू विचारली नाहीस तरी सांगते. एकूण किती अटेम्प्ट द्यायचे ते आत्ताच ठरव, शांत डोक्याने, आणि घरच्यांना सांगून ठेव. प्रिलिम्सच्या रिझल्टच्या रात्री घेतलेले निर्णय धड नसतात, "आता बस" पण नाही आणि "अजून एकदा" पण नाही.

प्रश्न : नमस्कार. वय ४७, राहणार विजयनगर, सियागंजला दुकान आहे. वजन ८६ किलो, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) ६.१ आलंय, डॉक्टर म्हणाले डायबेटिसच्या बॉर्डरवर आहात, वजन कमी करा. मी ठरवलं दिवाळीपर्यंत १२ किलो. मेघदूत गार्डनला चार मित्रांबरोबर वॉक सुरू केला, १९ दिवस एकही खाडा नाही. मग अनंत चतुर्दशीला मुलांना झांकी (गिरण्यांच्या देखाव्यांची रात्रीची मिरवणूक) दाखवायला नेलं, पहाटे तीनला घरी आलो, वॉक राहिला. २१ दिवसांत सवय लागते म्हणतात आणि माझी एकोणिसाव्यालाच तुटली. तेव्हापासून जावंसंच वाटत नाही. परत एकपासून मोजायचं का? आणि वॉकनंतर आमचे पोहे-जलेबी असतात, ते बंद करू का? (मित्र सोडतील मला.)

उत्तर : भाऊ, आधी ते २१ दिवसांचं डोक्यातून काढा. मॅक्सवेल माल्ट्झ म्हणून एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता, त्याने १९६० मध्ये लिहिलं होतं की ऑपरेशननंतर पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. पुढे लोकांनी "कमीत कमी" गाळलं, चेहरा पण गाळला, आणि राहिले नुसते २१. लंडनला फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर हेच नीट बघितलं, २०१० मध्ये ते छापून आलं. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं, पण कुणाला १८ तर कुणाला २५४! आणि तुमच्या कामाचं म्हणजे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर म्हणावा असा फरक पडत नाही. म्हणजे झांकीने काही बिघडवलं नाही. बिघडवलं ते "आता तुटलीच" या हिशोबाने. तुम्ही व्यापारी माणूस, दुकान एक दिवस बंद राहिलं म्हणून आधीच्या १९ दिवसांचा गल्ला कुणी शून्य धरतं का? उद्या गेलात की विसावा दिवस. आणि इंदूरचा माणूस झांकी सोडून लवकर झोपला तर मी उलट काळजी करेन. गिरण्या कधीच्या बंद पडल्या तरी झांक्या निघतायत, बघायला नको?

आता १२ किलो. हा आकडा कुठून आला? डॉक्टरांनी तर दिलेला दिसत नाही. अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला होता, २००२ मध्ये छापला, तुमच्यासारखे बॉर्डरवरचे ३,२३४ लोक होते. त्यातल्या एका गटाला टार्गेट दिलं, वजन ७ टक्के कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. साधारण तीन वर्षांत त्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी निघालं. मेटफॉर्मिन हे डायबेटिसचं औषध घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. आता तुमचा हिशोब करा, ८६ चे ७ टक्के म्हणजे सहा किलो. आठवड्याला १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, दोन दिवस आपोआप सुट्टीचे निघाले. दिवाळीची डेडलाइन काढा, फराळाच्या ताटासमोर वजन मोजायचा प्लॅन मला तरी बरा वाटत नाही. डॉक्टरांना विचारून सहा किलोला सहा महिने घ्या. आणि वहीत वजन लिहू नका, चाललेली मिनिटं लिहा. वजन दोन दिवस हललं नाही की मन खट्टू होतं, मिनिटं तुमच्या हातात असतात.

पोह्यांचं काय सांगू, इंदूरमध्ये राहून पोहे सोडा म्हणणारी मी कोण! मित्र मात्र अजिबात सोडू नका, पहाटे तुम्हाला गादीतून ते चौघं उठवतात, १२ किलो नाही उठवत. पोहे अर्धी प्लेट, जलेबी फक्त रविवारी, आणि बाकीचे दिवस जलेबीचे पैसे दुसऱ्याने द्यायचे नाहीत हे आधीच सांगून ठेवा, कारण "घे रे एक, मी देतो" यातच सगळे फसतात.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे. आम्हाला त्याला इंजिनिअर करायचंय, आम्ही चांगलं कोचिंग लावलंय, बारावीला ९० टक्के आले तर बाइक देऊ असं पण आम्ही सांगितलंय, तरी त्याला काही ध्येयच नाही. रात्री दोनपर्यंत सायकलचे गिअर खोलून बसतो. त्याला प्रेरणा मिळेल असं काहीतरी लिहा.

उत्तर : रात्री दोनपर्यंत बसतो त्याला आणखी काय प्रेरणा देऊ? ती आहेच, फक्त तुम्ही दाखवलेल्या दिशेला नाही. बाइकबद्दल एक सांगते. १९७१ मध्ये एडवर्ड डेसीने कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली, काहींना प्रत्येक कोड्याचे पैसे दिले. पैसे थांबल्यावर त्याच मुलांचा कोड्यांतला रस कमी झाला, ज्यांना काहीच दिलं नव्हतं ते रिकाम्या वेळात जास्त वेळ खेळत राहिले. कबूल केलीय तर बाइक द्या, शब्द मोडू नका, पण पुढे नवीन आमिष नको. आणि एका रात्री गिअर परत जोडताना त्याच्याजवळ जाऊन बसा, मार्कांचा म सुद्धा काढू नका, पाना द्या हातात.

प्रश्न : ताई, डिसेंबरमध्ये इंदूर ते महेश्वर सायकलने जायचं ठरवलंय. आत्ताच स्टेटस टाकू का? म्हणजे लोकांचं प्रेशर राहील.

उत्तर : नको. त्याच गोलविट्झरने २००९ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांवर बघितलं, ज्यांचा इरादा दुसऱ्याने वाचला त्यांनी नंतर काम कमी केलं, वाहवा आधीच मिळून गेली ना. शंभर लाइक आले की महेश्वर झाल्यासारखंच वाटतं. त्यापेक्षा एकाच माणसाला सांग, जो दर रविवारी "किती किलोमीटर झाले, दाखव" विचारेल, थोडा खडूस असला तर उत्तम. नव्वदेक किलोमीटर आहे, तर आधी देवासला जाऊन ये, मग बाकीचं. आणि मानपूरच्या पुढचा घाट जाताना उतार आहे, येताना तोच चढ, त्यामुळे बसने परतणार असशील तर टपावर सायकल घेतात का ते आधी विचारून ठेव.