मे महिन्यातला स्वेटर

मे महिना, नागपूर, दुपारचे साडेबारा, आणि ती पूर्ण बाह्यांचा लाल स्वेटर घालून माझ्यासमोर बसलेली. वय २६. बौद्धिक दिव्यांग, बोलणं चार-सहा शब्दांचं. घरी तिला बेबी म्हणतात, मीही तेच म्हणते. बाकी ओळख पटेल असं सगळं बदललंय.

घाम हनुवटीवरून ठिबकत होता. मी कूलर तिच्याकडे वळवला, तर तिने बाह्या आणखी खाली ओढल्या.

"थंडी नाही वाजत तिले, मॅडम," सोबत आलेली तिची मावशी म्हणाली, ती नागपुरातच सक्करदऱ्याला राहते. "वळ दिसू नये म्हनून भावजय घालून देते."

आईवडील दोघंही गेलेले. वडील सरकारी नोकरीत होते, त्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतन बेबीच्या नावे आयुष्यभर सुरू राहू शकतं. बँकेने पालकाचा दाखला मागितला, म्हणून थोरल्या भावाने जिल्हाधिकारी कार्यालयात पालकत्वाचा अर्ज टाकला. मावशीचा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून महिन्याला एकदा तरी ऐकू येतो : "मी काही भावासारखी सख्खी नाही जी. तो भाऊ आहे तिचा, पालक तोच होनार. मी बोलली तर तो मले तिले भेटू बी नाही देनार. मंग गप राहू का?"

मी बिस्किटांचा पुडा बेबीपुढे ठेवला. दोन तिने खाल्ली. तिसरं हळूच स्वेटरच्या बाहीत सरकवलं. कशाला, विचारलं तर म्हणाली, "रात्री."

एवढ्या एका शब्दात मला घर दिसलं. आणि तरीही पहिली चूक मीच केली. सवयीने भावाला फोन लावला, म्हटलं, एकदा सगळे समोरासमोर बसू. पुढचे पंधरा दिवस बेबी मावशीकडेही आली नाही. जिथे मारहाण आहे तिथे एकत्र बैठक बोलावणं म्हणजे मारणाऱ्याला आधी वर्दी देणं, हे मी प्रशिक्षणात दुसऱ्यांना शिकवते. असो.

आता मावशीच्या प्रश्नाकडे. मूल १८ वर्षांचं झालं की दिव्यांग असलं तरी आईवडिलांचंही कायदेशीर पालकत्व संपतं, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ प्रमाणे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविध अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठी स्थानिक स्तर समिती पालक नेमते. (स्किझोफ्रेनियासारख्या आजाराला ही समिती नाही, वाट वेगळी.) समितीत जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. अर्ज आईवडील करू शकतात किंवा नातेवाईक. आणि नातेवाईक म्हणजे रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तकाच्या नात्यातला कोणीही. सख्ख्याचीच अट नाही. मावशी तर आईची बहीण! मी तिला म्हटलं, पालकत्व म्हणजे बापाचा प्लॉट नाही, थोरल्याच्या नावावर आपसूक चढायला.

दुसरं, मारहाण हा "वेगळा विषय" नाही. लोक चुकतात ते इथेच. पालकत्वाच्या अर्जात पेन्शन आणि आधार कार्ड बोलतात, मार घरातच ठेवतात, "ते नंतर पोलिसात पाहू" म्हणून. समितीला कागदावर भाऊ दिसतो, सही होते. नेमणूक झाल्यावरही छळ, हेळसांड किंवा पैशाची अफरातफर दाखवून पालक काढता येतो, तशी तरतूद आहे. पण आधी बोलणं सोपं, नंतर काढणं जड.

भेटू देणार नाही, ही भीती मात्र खरी होती. म्हणून क्रम ठरवला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ खाली छळाची माहिती कोणीही, अगदी शेजारीही, कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतो. आपल्याकडे बहुधा तहसीलदार. ती पहिली दिली. समितीकडे मावशीची लेखी हरकत आणि तिचा स्वतःचा अर्ज गेला, सोबत सरकारी दवाखान्यातली तपासणी. तिसरं, कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी पाहणारा संरक्षण अधिकारी. बहीणही कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बसते, बायकोच असावी लागते असं नाही. तिच्या वतीने दुसरं कोणी अर्ज करू शकतं. आणि २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर भावजयीविरुद्धही आदेश मागता येतो. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळाला.

बेबी मावशीकडे राहू लागली, मग मी भावाला भेटले, एकट्याला. म्हणाला, "दिवसभर दुकान, रात्री हिचं ओरडनं. दोन वर्षं झोपलो नाही मॅडम मी." मला ते खोटं वाटलं नाही. त्याला विसाव्याची गरज होती, कोणीच विचारलं नव्हतं. पण थकलेल्या माणसाच्या हाती तिचं जेवण, पेन्शन आणि दाराची कडी, तिन्ही द्यावीत असं त्यातून ठरत नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो चिडला, मग रडला.

सहा-सात महिने गेले. समितीने संस्थेकडून दोन्ही घरांची पाहणी करवली, बेबीला बोलावलं. तिथे ती काही बोलली नाही, मावशीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. पालक मावशी झाली. भाऊ रविवारी येतो, अंगणात बसतो, मावशी समोर असते.

पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, त्यामुळे मावशी वैतागलीय. परवा वही घेऊन आली. "टिकल्या १० रुपये, हे लिहू का जी?" लिहा म्हटलं. खालच्या ओळीत बिस्किटं होती, महिन्याचे ३० पुडे. मी वर पाहिलं तर मावशी म्हणाली, "अजून उशीखाली ठेवते. मी रोज नवा देते, जुना काढून घेत नाही."