‘हॅलो’ : नमस्कार की हाक?

प्रश्न : टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या प्रेयसीचे नाव मार्गारेट हॅलो होते आणि त्यावरून फोनवर ‘हॅलो’ म्हणण्याची प्रथा पडली, असा संदेश मोबाइलवर वरचेवर येतो. हे खरे आहे का? शिवाय नातीच्या इंग्रजी गोष्टीत एक माणूस घराचे दार सताड उघडे पाहून स्वतःशीच ‘हॅलो!’ म्हणतो. समोर कोणीच नसताना हा नमस्कार कोणाला?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : मार्गारेटची कथा निव्वळ कपोलकल्पित आहे. बेल यांचा विवाह 1877 मध्ये मेबल हबर्ड यांच्याशी झाला. लहानपणीच्या तापात मेबल यांची श्रवणशक्ती गेली होती, त्यामुळे पतीने शोधलेल्या यंत्रातला आवाज त्यांना कधीच ऐकू येणार नव्हता. ही खरी हकिगत त्या बनावट प्रेमकथेपेक्षा कितीतरी अधिक हृदयस्पर्शी आहे, पण ती कोणी पुढे पाठवत नाही. बेल यांना स्वतःला तर ‘हॅलो’ पसंतच नव्हते. एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाला हाक मारताना खलाशी जो ‘अहॉय’ हा शब्द वापरीत, तोच फोनवर वापरावा असा त्यांचा आग्रह होता. (आपल्या ‘अहो’शी त्याचे साम्य गमतीचे असले, तरी ते केवळ योगायोगाचे आहे.)

‘हॅलो’चा पुरस्कार केला तो थॉमस एडिसन यांनी. 15 ऑगस्ट 1877 रोजी पिट्सबर्ग येथील एका तार कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले, की ‘हॅलो’ हा उच्चार 10 ते 20 फुटांवरूनही ऐकू येतो, त्यामुळे फोनला वेगळ्या घंटेची गरज भासणार नाही. म्हणजेच हा शब्द त्यांनी निवडला तो शिष्टाचार म्हणून नव्हे, तर चक्क घंटेऐवजी. शब्द त्यांनी घडवलेला नव्हता. अमेरिकी वृत्तपत्रांत तो 1826 पासून आढळतो आणि ‘हलो’, ‘हॉलो’ ही त्याची भावंडे त्याहून जुनी आहेत. शिकारी कुत्र्यांना चेतवण्यासाठी किंवा लांबच्या माणसाचे लक्ष वेधण्यासाठी मारलेली आरोळी, हे त्यांचे मूळ काम होते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. आरोळी ही अनपेक्षित काही दिसले तरी तोंडातून निघतेच, म्हणून इंग्रजीत, विशेषतः ब्रिटिश लेखनात, ‘हॅलो’ हे आश्चर्याचे उद्गारवाचक अव्यय म्हणूनही येते. गोष्टीतला तो माणूस कोणालाही नमस्कार करीत नाही. तो ‘अरेच्चा, दार उघडंच?’ असे म्हणतो आहे. आपली नात भाषांतर करीत असेल, तर तिने ‘अरेच्चा’ किंवा, बोलणारी स्त्री असल्यास, ‘अगंबाई’ खुशाल लिहावे. रिकाम्या वाटणाऱ्या घरात शिरताना घातलेल्या ‘हॅलो’ला मात्र ‘कोणी आहे का घरात?’ हेच योग्य. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी तरुणांनी आणखी एक छटा रूढ केली: समोरच्याने अगदीच बावळट प्रश्न विचारला, की शेवटचा स्वर लांबवून उपहासाने ‘हॅलोऽऽ’ म्हणायचे. आपल्याकडची महाविद्यालयीन मुले ती जशीच्या तशी उचलतात. मराठीत तिच्या जवळ जाणारे वाक्य म्हणजे ‘अहो, आहात कुठे?’

मुंबईत टेलिफोन केंद्र 1882 मध्ये सुरू झाले, आणि फोनबरोबरच हा शब्द आपल्याकडे रुळला. इंग्रजी माणूस रस्त्यात भेटणाऱ्यालाही ‘हॅलो’ म्हणतो. आपण अजूनही भेटल्यावर ‘नमस्कार’ किंवा ‘राम राम’ म्हणतो आणि ‘हॅलो’ बहुतांशी यंत्रासाठी राखून ठेवतो. सभेपूर्वी ध्वनिक्षेपक तपासणारा मनुष्य ‘हॅलो, हॅलो’ म्हणतो, फोनचा आवाज मध्येच तुटला की आपण ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?’ असे ओरडतो. त्यात अभिवादन कणभरही नसते. एडिसन यांना अभिप्रेत असलेली ती घंटाच आपण आपल्या तोंडाने वाजवत असतो.