मायग्रेनमुळे कामावर खरंच इतका परिणाम होतो का?

तुमची एक सहकारी महिन्यातून एक-दोनदा डोकेदुखीसाठी रजा घेते आणि दुसऱ्या दिवशी चांगली टवटवीत दिसते, मग एवढं काय अडतं, असा तुमचा प्रश्न आहे. मी अकाउंट्सला आहे आणि कॉलेजात असल्यापासून मला अर्धशिशीचा त्रास आहे, म्हणून लिहितो.

रजेच्या दिवसाचं विशेष काही नाही हो. खोलीत अंधार करून पडायचं, उलटी झाली की जरा बरं वाटतं, संपलं. काम बुडतं ते त्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी, मी खुर्चीत बसलेला असताना.

आदल्या दिवशी जांभया सुरू होतात. मान आखडते, उगाच चिडचिड होते, एकच ईमेल तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. पूर्वी याचा त्या दुखण्याशी संबंध आहे हेच मला माहीत नव्हतं. बायकोला मात्र माझ्याआधी कळतं. "सकाळपासून नुसत्या जांभया देतोयस, गोळी खिशात ठेव."

काहींना ठणका सुरू होण्याआधी ऑरा येतो, म्हणजे नजरेत वगैरे थोडा वेळ बिघाड होतो, सगळ्यांना नाही. मला पहिल्यांदा आला तेव्हा मी बँकेचं स्टेटमेंट जुळवत होतो. रकमेतला मधला आकडाच दिसेना. नजर बाजूला नेली की तो दिसायचा, पण मग शेजारचा गायब. थोड्या वेळाने तिथे नागमोडी, चमचमणारी कड उमटली आणि पसरत पसरत अर्ध्या तासात नजरेच्या कडेला जाऊन विरली. मला वाटलं डोळा गेला. डोळ्यात काही नसतं. मेंदूच्या मागच्या भागातून एक लाट सरकत असते, मिनिटाला साधारण 3 मिलिमीटर. कार्ल लॅशली या शास्त्रज्ञाने स्वतःच्याच ऑराची चित्रं काढून हा वेग 1941 मध्ये मांडला होता. माणूस अशा वेळी कागद-पेन्सिल घेऊन बसतो म्हणजे कमाल आहे!

मग ठणका. औषध घेतलं नाही तर 4 ते 72 तास. त्यात जिना चढलो तरी घण बसतात, कुणी खुर्ची सरकवली तरी नको होतं.

इथे मी वर्षानुवर्षं एक चूक केली. 'एवढी मीटिंग होऊ दे, मग गोळी घेतो.' अटॅकमध्ये पोटाचं काम मंदावतं, उशिरा घेतलेली गोळी तशीच पडून राहते. नंतर घाबरून उलट टोक गाठलं, जरा काही झालं की गोळी. तेही अंगाशी आलं. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान, म्हणजे खास मायग्रेनवरच्या गोळ्या, 10 किंवा जास्त दिवस, असं काही महिने चाललं की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. आता कॅलेंडरवर खूण करतो.

आता तुम्हाला टवटवीत वाटणारा तो दुसरा दिवस. दुखणं थांबलेलं असतं, पण डोकं पिळून वाळत घातल्यासारखं असतं. ओळखीचा शब्द आठवत नाही. अशाच एका दिवशी मी 4,580 च्या जागी 5,480 टाकले. फरक 900 चा. 9 ने भाग जातो म्हणजे आकड्यांची अदलाबदल, हे आमच्या धंद्यातलं बाळबोध ज्ञान. ते मला सुचायला दोन दिवस लागले.

डॉक्टरांनी मिडास नावाची प्रश्नावली भरून घेतली. गेल्या 3 महिन्यांवर 5 प्रश्न, आणि त्यात कामावर न गेलेल्या दिवसांसारखेच, जाऊनही निम्मं काम न झालेले दिवस मोजतात. घरच्या कामांचेही. बेरीज 21 किंवा जास्त आली की गंभीर समजतात. माझे 26 आले, त्यात रजा फक्त 4! त्यावरून रोजची प्रतिबंधक गोळी सुरू झाली, रक्तदाबावरही देतात ती प्रोप्रानोलोल. अटॅक साधारण निम्म्यावर आले. ती सगळ्यांना चालत नाही, दमा असेल तर नाहीच.

तुमच्या सहकारीला 'आता बरं आहे ना?' असं विचारलंत तर ती 'हो' म्हणेल, मीही म्हणतो. त्यापेक्षा परत आल्या दिवशी कोणतं काम नको असतं ते विचारा. माझ्या साहेबांनी एकदा विचारलं होतं. तेव्हापासून त्या दिवशी मी पेमेंटला हात लावत नाही, व्हाउचर फाइलला लावतो.