वडिलांचा आणि भावाचा प्रश्न एक नाही

ताई, तुमचे वडील ७४ वर्षांचे आणि भावाचा डावा पाय पोलिओने अधू, म्हणून घरचे म्हणतात दोघांनीही गाडीला हात लावू नये. कोल्हापुरात गाडी शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यावरून सांगतो, दोघांना एकाच मापाने मोजू नका.

भावाचं सोपं आहे. आपल्या पायात किती जोर आहे हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. ऑटोमॅटिक गाडीत क्लचच नसतो, त्यामुळे डाव्या पायाला काम नाही. उजवा पाय अधू असता तरी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवायची सोय बसवता आली असती. त्यासाठी आरटीओची परवानगी घ्यायची, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंद करायची आणि विमा कंपनीला कळवायचं. नसीमा हुरजूक यांनी याच कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डसारखी अपंगांसाठी काम करणारी संस्था उभी केली, त्या गावात तरी हा वाद नको. त्याला शिकू द्या.

वडिलांचं अवघड, कारण त्यांच्यात जे कमी होतंय ते त्यांनाच कळत नसेल. कायद्यात वयाची वरची मर्यादा नाही. पंचावन्ननंतर लायसन्स पाच-पाच वर्षांसाठी मिळतं आणि फॉर्म १-ए, म्हणजे डॉक्टरांचं वैद्यकीय प्रमाणपत्र, लागतं, पण पाच वर्षांत डोळ्यांचं बरंच काही होऊन जातं. काचबिंदूत बहुतेक वेळा आधी कडेची नजर जाते. समोरची पाटी माणूस झकास वाचतो आणि बाजूने येणारी मोपेड त्याला दिसतच नाही. मोतीबिंदू असला की रात्री समोरच्या हेडलाइटचा प्रकाश डोळ्यांत फाकतो. उसाच्या हंगामात राधानगरी रोडला मागे दिवा नसलेली ट्रॉली धडधाकट माणसालाही उशिरा दिसते, तिथे त्यांची काय कथा! जुन्या मधुमेहात तळपाय बधिर होतात, पाय कुठल्या पेडलवर आहे ते उमगत नाही. म्हणून फॉर्मपुरती तपासणी नको. नेत्रतज्ज्ञांकडून व्हिज्युअल फील्डची, म्हणजे कडेपर्यंत किती दिसतं याची, चाचणी करून घ्या आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी फॅमिली डॉक्टरांना दाखवा. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांची गुंगी सकाळपर्यंत उतरत नाही.

मग एक दिवस त्यांच्या शेजारी बसा, काही बोलू नका. दाभोळकर कॉर्नरला वळताना ते मान वळवतात की नुसता आरसा बघून गाडी घालतात? डावीकडे लावलेल्या दुचाकींना किती घासून जातात? मागून हॉर्न वाजला की गोंधळतात का? गाडीच्या डाव्या अंगावर नवे ओरखडे आहेत का, तेही बघून ठेवा.

सगळं ठीक असेल तर किल्ली काढून घेऊ नका. ज्यांनी आयुष्यभर स्वतःचं स्वतः केलं, ते एका दिवसात घरकोंबडे झाले की खचतात. मी पाहिलंय ते. आधी रात्रीचं बंद करा, मग पावसातलं, मग हायवे आणि घाट. हे तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांना पटेल.

मात्र रोजच्या रस्त्यावर ते वाट चुकले, ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला किंवा साखर उतरून गाडीत भोवळ आली, तर त्याच दिवशी गाडी थांबवा आणि डॉक्टर गाठा. तिथे भीड ठेवू नका. महिन्याच्या हिशेबाने एखादा ओळखीचा रिक्षावाला आजच ठरवून ठेवा, म्हणजे त्या दिवशी धावपळ होणार नाही.